आधी बा जेवू दे

आश्विन लागला की आमच्याकडे हळवं भात कापायला येतं. यंदाही आलं. मुलाने कापलं, झोडलं, भगताने देवाला दाखवलं, सुनेने शिजवलं आणि पाडा जेवला. मी जेवलो नाही. सुनेने पुढे ठेवलेली थाळी परत पाठवली. तिला वाटलं मीठ चुकलं. मीठ बरोबर होतं. वाढणारी गेली, एवढंच. रखमी, माझी बायको, गेल्या उन्हाळ्यात गेली. रडायचं तेवढं रडून झालं. आता रडू येत नाही, पण नवा भात घशाखाली उतरत नाही.

थाळी परत गेली की सून चुलीजवळ गप्प बसून राहते. मी जेवल्याशिवाय तीही जेवत नाही. तिला तसं बसलेलं बघितलं आणि मला जान्या पाळक आठवला. जान्या आणि त्याची बायको सुवार्ता. मग नातीकडून कागद मागून घेतले. मी तिसरी शिकलो, तीही धड नाही. जसं येईल तसं लिहितो.

आमचा पाडा मासवणच्या पलीकडे, सूर्या नदीच्या अंगाला. जान्या हा आमच्या काळू भगताचा मुलगा. कोणाचं पोर तापलं, गाय आटली, विंचू चावला, की माणूस आधी काळूच्या अंगणात जाऊन बसायचा. काळू बुटका, कोरडा, बोलायला कंजूस. सदा हातात दोर वळायला घेतलेला. जान्याची आई लवकर गेली, तेव्हा काळूने पोराला मिशनच्या बोर्डिंगात टाकलं. का, तर तिथे दोन वेळ पोटभर मिळतं आणि लिहायला शिकवतात. जान्या लिहायला शिकला आणि येशूचाही झाला. तिथे त्याचं नाव योहान ठेवलं. मोठा झाल्यावर पाळक व्हायची शाळा शिकायला लांब घाटावर गेला. काळूला ही बातमी मीच सांगितली. तो दोर वळत होता. वळायचं थांबवलं नाही, वर बघितलं नाही. पण त्या दिवसापासून पोराचं नाव त्याच्या तोंडून कोणी ऐकलं नाही.

शाळा संपवून जान्या बायकोला घेऊन घरी आला, तेव्हा तारापूरच्या वीज केंद्राच्या नुसत्या गोष्टी चालल्या होत्या. माझी बैलगाडी होती. गवताच्या गासड्या स्टेशनावर न्यायचा माझा धंदा. त्या दिवशी पालघरला माल उतरवला, आणि रिकाम्या गाडीत त्या दोघांना बसवून आणलं.

जान्या ओळखू आला तो कानांवरून. लहानपणी होते तसेच बाहेर आलेले कान, आता वर पांढरा सदरा. बायको नगरकडची, गोरी नाही, काळी नाही, अंगाने काटक. तिच्या मांडीवर पितळेची कळशी, तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं.

मी विचारलं, "बाय, कळशीत काय हाय?"

"पाणी."

"कुठलं?"

"घरचं. वाटंत मिळतंय न मिळतंय."

नगरपासून पालघरपर्यंत तिने पाणी मांडीवर आणलं होतं! मी हसलो. जान्या म्हणाला, "दादा, हसू नको. हिच्या गावात पाहुण्याला आधी पाणी देत नाय, आधी विचारतात किती पायजे."

नदी आली. वैशाखातही आमच्या सूर्येला पाणी असतं. गाडी पाण्यातून घातली तशी ती उभीच राहिली.

"अवो, एवढं पाणी नुसतं वाहून चाललंय? कुणी अडवत कसं न्हाई?"

"कोण अडवणार, बाय? ती चालली तिच्या घरी."

नदी ओलांडली आणि पाड्याची वाट लागली तसा जान्या गाडीतून खाली उतरला. पायातल्या वहाणा काढल्या, हातात धरल्या आणि अनवाणी चालायला लागला. ही त्याची सवय मी नंतर कायम बघितली. डांबरी रस्त्यावर वहाणा पायात, पाड्याच्या वाटेवर हातात. रखमीने एकदा विचारलं, "काटा नाय का भरत?" तर म्हणाला, "भरला तर ओळखीचा भरेल." तो गंमत करायचा. मला खरं कारण ठाऊक होतं. काळू भगताने जन्मात पायात काही घातलं नव्हतं.

काळू अंगणात दोर वळत बसला होता. दोघं त्याच्या पाया पडली. त्याने पाय मागे घेतले नाहीत, पण तोंडही उघडलं नाही. पाड्याच्या टोकाला त्याचंच एक रिकामं खोपट होतं, तिकडे नुसती हनुवटी दाखवली. झालं स्वागत.

पण एक सांगतो. त्या खोपटाचा कूड नवा लिंपलेला होता. शेण ओलं होतं. कोणी लिंपला ते कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. काळूच्या नखात मात्र मी शेण बघितलं.

तेव्हापासून पाड्यात एकच सवाल. बाप-लेक बोलणार की नाही? विहिरीवर तोच, ताडीच्या बैठकीत तोच. काळूच्या पाठी भगतकी कोणाकडे जाणार, हीसुद्धा लोकांना काळजी. एकुलता एक पोरगा, तो पाद्री होऊन आला.

जान्याने कोणाला या म्हटलं नाही. मी आजही येशूचा नाही, आणि त्याने मला कधी ओढलं नाही. रविवारी खोपटापुढे गोणपाट टाकून तो प्रार्थना करायचा. प्रार्थनेला कोण? तो, त्याची बायको, आमची आंधळी मथी आजी आणि तिच्या मागून आलेल्या बकऱ्या. आजी यायची ती गाणं ऐकायला. पहिल्या रविवारी तो शाळेत शिकवलेलं बोलला. हे परमकृपाळू, हे सर्वसमर्थ, असलं पुष्कळ. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जान्या, तू कोनाला हाका मारतंस रं? तो लय लांब राहतो का?"

जान्या एवढा हसला की डोळ्यांना पाणी आलं. पुढच्या रविवारपासून तो देवाशी आपल्या भाषेत बोलायला लागला. अंगणातल्या माणसाशी बोलावं तसं. डोळेही मिटायचा नाही. म्हणायचा, "मिटले तर बकरी पुस्तक खाते."

सुवार्ताचं आमच्यात जमायला वेळ लागला. कुडाच्या भेगांतून उजेड आला की ती फडकी कोंबायची. सुक्या बोंबलाचा वास आला की पदर नाकाला. रखमीने तिला निखाऱ्यावर बोंबील भाजायला शिकवलं, तेव्हा ती तोंड फिरवून भाजायची. आणि पाणी? नदी पुढ्यात वाहते आणि ही बाई तांब्याभर पाण्यात भांडी घासणार, ते पाणी भोपळ्याच्या वेलाला घालणार. पाड्यातल्या बायका हसून लोळायच्या. रखमी त्यांना दटावायची आणि घरी येऊन स्वतः हसायची. पण त्या दोघी एकमेकींच्या झाल्या. माझी मुलगी बायजी तेव्हा तीनेक वर्षांची, तीही दिवसभर सुवार्ताच्या अंगणात.

आता नव्या भाताची गोष्ट.

आमच्यात नवा भात कोणी असाच खात नाही. शेत पिकलं तरी थांबायचं. भगत दिवस ठरवतो, नवा भात आधी हिरवा म्हणून आमचा देव आहे, त्याला दाखवतो, मग स्वतः पहिला घास घेतो. त्याने घास घेतला की घराघरात म्हातारी माणसं, मग बाकीची. त्याआधी भगताच्या चुलीशिवाय दुसऱ्या कुठल्या चुलीवर नवं चढायचं नाही. हे आमच्यात कोणी शिकवत नाही. जसं आगीत हात घालू नये हे शिकवत नाहीत, तसं.

जान्याने खोपटामागच्या तुकड्यात हळवं लावलं होतं. ते आधी पिकलं. तो मनोरच्या बाजारात गेला होता त्या दिवशी सुवार्ताने लोंब्या कापल्या, कांडल्या. तिच्या माहेरी पहिलं पीक प्रार्थना करून देवाला वाहतात आणि मग आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पोरांना वाटतात. तिने तेच केलं. भात शिजवला, गूळ घातला, प्रार्थना केली, आणि हाका मारून पाड्यातल्या पोरांना खाऊ घातला. भली बाई, चांगल्या मनाने केलं. पण काळूने अजून दिवसही ठरवला नव्हता.

पोरं तोंडं पुसत घरी आली. कोणाच्या तरी आईने विचारलं, काय खाल्लंस? आणि पाड्यात आग लागली.

"पाद्रिणीने पोरं बाटवली!"

"देवाच्या आधी खाल्लं! आता एक पोर दुखलं ना, तर तिच्या दारात नेऊन ठेवीन!"

आणि दुखली कोण, तर माझीच बायजी. ऊन उतरायच्या आत पोट धरून लोळायला लागली. पाड्यातली सगळी माणसं माझ्या अंगणात. जान्या बाजारातून आला तो तसाच पिशवी हातात घेऊन उभा. सुवार्ता कुडाला टेकून, तोंड पांढरं. एक बाई तिला तोंडावर म्हणाली, "आता बोलव तुझ्या देवाला."  आपल्या हातचं खाऊन पोर तळमळतंय, हे ती बघत होती.

काळूला बोलावलं. तो आला. आता भगत म्हणाला असता की नव्या भातानेच झालं, तर त्या दोघांना पाडा सोडावा लागला असता. हे सगळ्यांना ठाऊक होतं. काळूलाही.

त्याने बायजीचं पोट दाबलं, जीभ बघितली, तोंडाचा वास घेतला. मग रखमीला विचारलं, "काकड्या किती खाल्ल्या हिने?"

रखमी म्हणाली, "सकाळपासून खाते हाय. मोजल्या नायत."

"मग काकड्यांनीच दुखतं. ओवा दे. उठेल."

"पण नवं..." कोणीतरी बोलायला गेलं.

"भगत तू का मी?" काळू म्हणाला, आणि उठून चालायला लागला. सुनेच्या अंगावरून गेला तरी तिच्याकडे बघितलं नाही.

बायजी ओकली आणि उठली. आता ती स्वतः आजी झाली आहे.

जान्या बापामागून गेला. मी गाडीचे बैल बांधत होतो, ऐकू येत होतं. काळू दोर घेऊन बसला होता. जान्या अंगणात उभा राहून म्हणाला, "बा, चूक झाली. तिला ठाऊक नवतं. यापुढे तू घास घेतल्याबिगर माझ्या चुलीवर नवं चढायचं नाय."

काळू दोर वळत राहिला. जान्या परत आला.

घरी नवरा-बायकोची जुंपली. कुडाचं घर, सगळं बाहेर येतं.

"आपून देवाला दिलं व्हतं की! चूक कशाची?"

"देवाची नाय. बापाची."

"त्यांच्या देवासाठी थांबायचं? मग शिकलो कशापायी?"

"त्यांच्या देवासाठी नाय थांबत. आधी बा जेवू दे, मग मी. एवढंच."

"आनि ते बोलत सुदिक न्हाईत तुमच्यासंगं!"

"घाई नाय," जान्या म्हणाला. हा त्याचा ठेवणीतला शब्द. बैल अडला, घाई नाय. कोणी शिव्या दिल्या, घाई नाय.  सुवार्ताने भांडी आपटली, पण उरलेले नवे तांदूळ तिने कणगीत बांधून ठेवले. काळूने दिवस ठरवला, देवाला दाखवलं, घास घेतला. रखमी धावत जाऊन त्यांच्या कुडाबाहेरून ओरडली, "जेवला गं!" मग तिकडे चूल पेटली.

असं दर साली. भगताने घास घेतला की रखमी ओरडायची आणि पाळकाकडे नवं शिजायचं. देवाला दाखवलेलं ती दोघं खात नसत. आपलं वेगळं शिजवायची. पण बापाच्या मागून. काळूला हे दिसत होतं. बोलत नव्हता, पण घास घ्यायच्या वेळी तो अंगणात असा बसायचा की पाड्याच्या टोकाचं खोपट समोर यावं.

मग मिशनचे मोठे पाळक आले. चांगला माणूस, चष्मेवाला, घामाघूम. ते आले तेव्हा त्यांचा योहान कुठे, तर मथी आजीच्या ताडावर! आजीचा मुलगा बांधकामावर गेलेला, ताडीचं मडकं उतरवायला कोणी नाही, म्हणून हा पांढरा सदरा काढून चढला होता. लहानपणापासून वानरासारखा चढायचा. खाली उतरला तर समोर मोठे पाळक, आणि ह्याच्या कमरेला मडकं.

"योहान, हे काय?"

"ताडी हाय, साहेब."

"तुम्ही घेता?"

"मी नाय घेत. आजीला चढता येत नाय."

आजी लगेच म्हणाली, "तुला पायजे का रं बाबा? उन्हाचा आलास."

आम्ही सगळे पोट धरून हसलो. मोठे पाळकही हसले, खोटं कशाला लिहू. पण संध्याकाळी बाजेवर बसून त्यांनी विचारलं, "भगताच्या सणासाठी तुम्ही चूल बंद ठेवता, असं कानावर आलंय. सण पाळता?"

जान्या म्हणाला, "सण नाय पाळत, साहेब. बाप पाळतो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, लोकांना ह्यातला फरक कळणार नाही. तारापूरच्या बांधकामावर देशभरची माणसं येऊ लागली आहेत, त्यांत आपलीही आहेत, बोईसरला पाळक हवा आहे. तुम्ही तिकडे जा.

शिक्षा म्हणून पाठवलं की काम म्हणून, मला कळलं नाही.  सकाळी त्याने माझी गाडी सांगितली. काळू अंगणात होता. जान्या समोर जाऊन म्हणाला, "बा, बोईसरला चाललो. लांब नाय." काळूने मान हलवली. एवढीच. पण हलवली. गाडीत बसल्यावर जान्या मला म्हणाला, "दादा, बघितलंस? मान हलवली." जसं काही बापाने मिठी मारली.

बोईसरला तो पत्र्याच्या खोलीत राहायचा. आजूबाजूला घाटावरचे, गुजरातचे, पार दक्षिणेकडचे मजूर. सगळ्यांचं हिंदी आपापलं. जान्याचंही. "भाई, अपने को घाई नहीं," असं म्हणायचा आणि माणसं त्याच्यापाशी बसायची. मद्राशी फिटर त्याच्या दारात येऊन रडायचा, कशासाठी ते दोघांनाही एकमेकांच्या भाषेत सांगता येत नव्हतं. जान्या कान वाकडा करून ऐकत राहायचा.

नवं झालं की मी लाकडं विकायला बोईसरला जायचो. खरं म्हणजे लाकडं निमित्त. रखमी मागे लागायची, "जा, सांगून ये, पोरं थांबली असतील." एका साली गेलो तर शेजारची घाटावरची बाई सुवार्ताला विचारत होती, "बाजारात नवा तांदूळ कवाच आला, तुमी अजून जुनाच खाताय?"

सुवार्ताने मला बघितलं नव्हतं. म्हणाली, "आमचे मामंजी जेवले न्हाईत अजून."

मी दारातून म्हणालो, "जेवला गं, बाय." तिने हातातला तांदूळ तिथेच ठेवला आणि कोपऱ्यातली नव्याची पिशवी उघडली. तिच्या पोटात तेव्हा पोर होतं. आणि चुलीवर, तुम्हाला सांगतो, बोंबील भाजत होते. तोंड न फिरवता.

मग ते शेवटचं साल. काळूला दम्याने धरलं होतं. अंगणात बसायचा, पण दोर हातातून सुटायचा. तरी नव्याचा दिवस ठरवला. सकाळी देवाला दाखवलं, धूप घातला, सगळं केलं. पुढे पानावर भात वाढला. पाडा भोवती बसला. आणि काळू घास घेईना.

आम्हाला वाटलं, दम लागला असेल. थांबलो. उन्हं वर आली. पोरं रडायला लागली.

एक म्हातारा म्हणाला, "काळू, घे घास. भूक लागली."

"मग कालची भाकर खा."

"अरे, पण काय पायजे तुला?"

काळूने माझ्याकडे बघितलं. "गाडी जुंप."

"कुठं जायचं?"

"बोईसरला."

कोणी हललं नाही. माझेही पाय हलले नाहीत. रखमीने मागून माझ्या पाठीत गुद्दा घातला. "बघत काय बसलास? जा की!"

बैल जेवढे पळतील तेवढे पळवले. जान्या पत्र्याच्या सावलीत पोराला खेळवत बसला होता. मला बघितलं आणि हसत उठला, "बा जेवला?"

"नाय जेवला," मी म्हणालो. "तू आल्याबिगर जेवत नाय म्हणतो."

असं काळू बोलला नव्हता. पण दुसरा अर्थ काय होता?

जान्या खाली बसला. उभ्याचा बसला. सुवार्ताने पोर उचललं, कळशी घेतली, पाणी भरलं, फडकं बांधलं. "उठा," ती म्हणाली. "मामंजी उपाशी हाईत."

गाडीने उशीर झाला असता. खडी आणणारा एक ट्रक रिकामा मनोरकडे चालला होता. ड्रायव्हर जान्याच्या ओळखीचा, त्याने मासवणपर्यंत सोडलं. माझी गाडी मी तिथेच ओळखीच्याकडे सोडली. नदी कमरेएवढ्या पाण्यातून ओलांडली. जान्याच्या डोक्यावर पोर, सुवार्ताच्या डोक्यावर कळशी. जान्याच्या एका हातात वहाणा.

दिवस कलला होता. पाडा तसाच बसलेला, पानावरचा भात तसाच. माशी बसू नये म्हणून काळू हाताने वारा घालत होता.

दोघं पाया पडली. काळूने नातवाकडे बघितलं. त्याचे कान बघितले. आणि इतक्या वर्षांनी सुनेशी पहिलं बोलला.

"बाय, पाणी आणलंस?"

"आणलंय, मामंजी."

"दे."

तिने फडकं सोडलं, ओंजळीत ओतलं. तो प्यायला. मग भातात हात घातला आणि पहिला घास घेतला. पाड्यातल्या माणसांनी श्वास सोडला तो मला अजून ऐकू येतो. पण कोणी जेवायला उठलं नाही. सगळे जान्याकडे बघत होते. ह्या पानावरचं देवापुढचं होतं. बापाने एवढं बोलावलं, आता हा ते खाणार की नाही? खाल्लं तर येशूला दिलेला त्याचा शब्द गेला, नाही खाल्लं तर बापाचा. 

काळूने रखमीला हाक मारली. रखमी त्याच्याच घरातून एक मडकं घेऊन आली, वर झाकण.

"हे देवापुढं ठेवलं नाय," काळू म्हणाला. "तुमच्यासाठी येगळं शिजवलंय. सकाळीच." त्याला दम लागला, थांबला. "तुझ्या देवाला सांग, आणि जेव."

रखमीला त्याने पहाटेच सांगून ठेवलं होतं. तिने मला कळू दिलं नव्हतं. दिवसभर ती ते मडकं राखत बसली होती.

जान्या पुढे बसला. प्रार्थना केली. डोळे उघडेच, बापाकडे बघत. "बापा," तो म्हणाला, "बा जेवतो हाय. आता आमी जेवतो."  काळूने त्याच्या पानाकडे हनुवटी दाखवली. मग सगळा पाडा जेवला. भात गारढोण झाला होता. तसा भात मी परत खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी ती दोघं बोईसरला परत निघाली. मी आणि रखमी डांबरी रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. सुवार्ता पुढे, कडेवर पोर, हातात रिकामी कळशी. ती पहिल्यांदाच रिकामी बघितली. जान्या मागून, वहाणा हातात. डांबर आलं. तिथे तो दर वेळी थांबायचा, वहाणा घालायचा. त्या दिवशी थांबला नाही. तसाच अनवाणी डांबरावर चालत राहिला.

रखमी ओरडली, "अरे जान्या, वहाणा घाल! पाय भाजतील!"

त्याने मागे वळून वहाणांचा हात वर केला, हसला आणि तसाच चालत गेला. काळू त्याच थंडीत गेला. पुढे जान्याला मिशनने घाटावर कुठेसं नेलं. तो मला परत दिसला नाही.

त्या दिवशी तो दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे होतो. रखमी म्हणाली, "पालघरवरून तू त्यांना आणलंस, ते नुसतं आणलंस. घरी ती काल आली."

असं ती बोलायची. आता कोण बोलणार?

सून दारात येऊन गेली. नुसती बघून गेली. उपाशी आहे. कागद ठेवतो आणि जेवतो.